साठाव्या लेव्हलनंतर: हीलरचा गिअर, मॅनाचा हिशेब आणि पहिली मोल्टन कोअर

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात हीलरला, म्हणजे सोबत्यांचं आयुष्य भरून काढणाऱ्याला, रेडमध्ये (बॉस मारायच्या मोठ्या सामूहिक मोहिमेत) जागा सहज मिळते, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. गिल्डला (खेळाडूंच्या संघाला) हीलर कमी पडत असतात, त्यामुळे साठावी लेव्हल गाठून हिरव्या, म्हणजे साध्या दर्जाच्या, कपड्यांत उभ्या असलेल्या प्रीस्टलाही कोणी ना कोणी हाक मारतंच. डीपीएसवाल्याचा (शत्रूला मार देणाऱ्याचा) गिअर, म्हणजे अंगावरच्या वस्तू, तपासतात, टँकचा (मार अंगावर घेणाऱ्याचा) तर दोनदा तपासतात. हीलरला फक्त विचारतात, 'येतोस का?' मग पहिल्याच मोठ्या बॉसवर दीड मिनिटात मॅना (स्पेल टाकायला लागणारी शक्ती) संपतो आणि उरलेला वेळ पांढरी काठी हलवत बघत बसावं लागतं.

हा लेख या खेळाच्या जुन्या अवताराबद्दल आहे. मूळ गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला, आणि तोच जुना खेळ ऑगस्ट २०१९ मध्ये क्लासिक म्हणून पुन्हा सुरू झाला. आज क्लासिक एरा सर्व्हरवर साठावी लेव्हल हीच शेवटची आणि चाळीस जणांची रेड हीच मोठी रेड; मोल्टन कोअर ही त्यातलीच एक. उदाहरणं मी प्रीस्ट या हीलर वर्गाची घेतली आहेत, कारण आकडे तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतात. ड्रुइड, शमन आणि पॅलाडिन यांनी आकडे बदलून घ्यावेत, हिशेब तोच आहे.

या सगळ्याच्या मुळाशी माझं एकच म्हणणं आहे. हीलरचा गिअर, स्पेलची रँक (तिची लहान-मोठी आवृत्ती), पोशन आणि उभं राहण्याची जागा हे सगळे एकाच प्रश्नाचे भाग आहेत: बॉस मरेपर्यंत तुमचा मॅना पुरतो का? कोणी किती हील केली ते मोजणाऱ्या मीटरवर पहिला नंबर येणं हा वेगळा छंद आहे.

गोव्यातून खेळताना आधी घड्याळ बघा

गिअरच्या आधी हे, कारण इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया. युरोपातलं गिल्ड त्यांच्या रात्री आठला रेड सुरू करत असेल, तर हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात आणि उन्हाळ्यात साडेअकरा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढेमागे होतात, आपली होत नाहीत. त्या आठवड्यात हमखास कोणीतरी एक तास चुकतो. सिडनीच्या वेळेवर चालणारं गिल्ड असेल, तर त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले दुपारचे अडीच किंवा साडेतीन. रविवारचं शीत-कढी जेवून बसायला छान, पण आठवड्यातल्या दिवशी नोकरी करणाऱ्याला अशक्य. सकाळी फोंड्याहून पणजीला कदंब बस पकडायची असेल, तर मध्यरात्रीची रेड आठवड्यातून एकच धरा. शक्यतो शनिवारी.

पिंगची (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेची) काळजी बहुतेक जण चुकीच्या जागी करतात. हीलरला पिंग थोडा जास्त असला तरी चालतो, तो स्थिर हवा. अडीच सेकंदांची हील टाकणाऱ्याला थोडा उशीर आधीच धरून चालता येतं, पण मधेच दोन सेकंद गोठलेली स्क्रीन टँकचा जीव घेते. वायफाय सोडा, केबल लावा. जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून राउटरला छोटा यूपीएस आणि मोबाईलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. विजा कडाडायला लागल्या तर सरळ गिल्डच्या अधिकाऱ्याला सांगून जागा सोडा. तुमच्या जागी राखीव हीलर बसवणं सोपं, बॉसच्या मध्यात गायब झालेला हीलर शोधणं कठीण.

आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गिल्डमध्ये पेडणे, डिचोली, सत्तरीकडचे चार-पाच जण असतील तर त्या आठवड्यात सगळे एकदम मूळ घरी जाणार. नेटवर्क मिळेल न मिळेल. हे परदेशी रेड लीडरला दोन आठवडे आधी सांगून ठेवा. दहा हीलरमधले तीन एकाच दिवशी कमी झाले तर चाळीसजणांची रेड उभी राहत नाही.

गिअर: रंगाकडे नाही, ओळींकडे बघा

वस्तूच्या नावाचा रंग तिचा दर्जा सांगतो, आणि जांभळा रंग दिसला की हात शिवशिवतात. पण हीलरच्या कामाच्या चार ओळी असतात: प्लस हीलिंग (हील वाढवणारा आकडा), दर पाच सेकंदांना मिळणारा मॅना, इंटेलेक्ट आणि स्पिरिट. स्टॅमिना (आयुष्य वाढवणारा) हवा, पण तो बाकीच्यांसोबत येतोच.

तीन मिनिटांची लढाई धरू आणि प्रत्येक ओळ मॅनात मोजू. दहा इंटेलेक्ट म्हणजे १५० मॅना, एकदाच, लढाईच्या सुरुवातीला. दर पाच सेकंदांना ५ मॅना देणारी ओळ तीन मिनिटांत १८० मॅना देते, तुम्ही काहीही करत असा. दहा स्पिरिटचं गणित थोडं गुंतागुंतीचं. प्रीस्टला दर दोन सेकंदांना १३ अधिक स्पिरिटच्या चौथ्या हिश्श्याइतका मॅना मिळतो, पण शेवटचा मॅना खर्च करून पाच सेकंद उलटल्यावरच. मेडिटेशन या टॅलेंटचे (लेव्हल वाढताना निवडायच्या कौशल्याचे) तीन पॉइंट असतील तर मधल्या काळातही त्याचे १५ टक्के मिळतात. म्हणजे सतत हील करणाऱ्याला दहा स्पिरिटमधून तीन मिनिटांत जेमतेम ३४ मॅना. एक तृतीयांश वेळ हात आखडता घेणाऱ्याला ९७च्या आसपास. याशिवाय स्पिरिच्युअल गायडन्स हे टॅलेंट पूर्ण घेतलं असेल, तर स्पिरिटचा पाव भाग प्लस हीलिंग म्हणून मिळतो.

नवा हीलर स्पिरिटला कमी लेखतो किंवा डोक्यावर घेतो. खरी गोष्ट अशी की स्पिरिटची किंमत तुमच्या खेळण्याच्या पद्धतीवर ठरते. टँकवर सतत हील टाकायचं काम असेल तर दर पाच सेकंदांचा मॅना भारी. रेडवर अधूनमधून हात चालवायचा असेल तर स्पिरिट स्वस्तात मिळतो, तो घ्या.

आता मिळवायचं कुठून. सुरुवात लिलावघरातून करा. 'ऑफ हीलिंग' अशा शेपटाच्या हिरव्या वस्तूंकडे कोणी बघत नाही, म्हणून त्या स्वस्त असतात. अंगठ्या, मनगटं, पट्टा असल्या छोट्या जागा आधी यांनी भरा. निळ्या वस्तूच्या नावाखाली ताकद आणि चपळाई घालून फिरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

त्यानंतर डन्जन, म्हणजे रेडपेक्षा लहान मोहिमा. स्ट्रॅथोम, स्कॉलोमान्स, ब्लॅकरॉक स्पायर आणि डायर मॉल या चारांत तुमचे बरेच आठवडे जाणार. प्रीस्टसाठी सगळ्यात मोठी उडी ट्रूफेथ व्हेस्टमेंट्स या झग्याची: ७३ प्लस हीलिंग आणि दर पाच सेकंदांना ६ मॅना, तेही रेडमध्ये पाय न टाकता. मात्र ती शिवावी लागते, आणि शिवणारा प्रीस्ट स्वतःच असावा लागतो. नमुना स्ट्रॅथोममधल्या आर्किव्हिस्ट गॅलफर्डकडून पडतो, शिवणकाम ३०० हवं, आणि त्याला लागणारं मूनक्लॉथ हे कापड एकदा बनवलं की चार दिवस पुन्हा बनवता येत नाही. म्हणून शिवणकाम साठाव्या लेव्हलच्या आधीच सुरू करा, आणि मूनक्लॉथ बनवणारे दोन-तीन मित्र आतापासून जोडा. पाठीवर हाइड ऑफ द वाइल्ड, ४२ प्लस हीलिंग. ती चामड्याचं काम करणाऱ्याकडून करून घेता येते आणि चारही हीलर वर्गांना चालते.

डिव्हाउट या प्रीस्टच्या सेटचे आठही तुकडे जमवण्याचा हट्ट धरू नका. सेट पूर्ण दिसतो, फोटो चांगला येतो, पण त्यातले काही तुकडे 'ऑफ हीलिंग'च्या हिरव्या वस्तूपेक्षा कमी कामाचे आहेत.

ब्रायरवुड रीड हे ट्रिंकेट अप्पर ब्लॅकरॉक स्पायरमध्ये जेड रूनवॉचर या कधीमधीच दिसणाऱ्या शत्रूकडून पडतं. त्यावर २९ डॅमेज आणि हीलिंग दोन्ही असतं. मेज आणि वॉरलॉक हे डॅमेज देणारे वर्ग त्यासाठी महिनोन्महिने फिरतात. हीलरला ते चालतं, पण माझं मत विचाराल तर पहिलं त्यांना जाऊ द्या. पुढच्या वेळी फक्त हीलिंगची वस्तू पडली की हेच लोक तुमच्यासाठी गप्प बसतात.

पॅलाडिन आणि शमन यांना एक सूचना. कापड किंवा चामडं घालायला लाजू नका. मोल्टन कोअरमधल्या सॅलमँडर स्केल पँट्स चामड्याच्या आहेत आणि बरेच पॅलाडिन त्या काढतच नाहीत. मात्र ज्या वर्गाला फक्त कापडच घालता येतं, त्याच्या तोंडचा घास काढण्याआधी विचारा.

एन्चँट (वस्तूवर घालायची जादूची भर) शेवटी नको, सोबतच करा. डोकं आणि पाय यांना डायर मॉलच्या पुस्तकातून मिळणारा आर्केनम ऑफ फोकस ८ हीलिंग देतो, तोवर पुरे. झुल'गुरुब या रेडमध्ये जायला लागलात की प्रीस्टसाठी १० स्टॅमिना, दर पाच सेकंदांना ४ मॅना आणि २४ हीलिंग देणारा एन्चँट येतो, तो घ्या. हत्यारावर ५५ हीलिंगचा एन्चँट महाग असतो, पण हत्यार बदलायची घाई नसेल तर पैसे वसूल.

रँक: मोठी हील नेहमीच स्वस्त नसते

हा भाग नीट वाचा. पुढचे कित्येक महिने याच्यावर चालतात.

या जुन्या खेळात शिकलेल्या स्पेलची खालची रँकही वापरता येते. प्लस हीलिंगचा किती भाग स्पेलला मिळतो हे कास्ट होण्याच्या मूळ वेळेवर ठरतं: ती वेळ भागिले साडेतीन सेकंद. तीन सेकंदांच्या हीलला सुमारे ८६ टक्के, दीड सेकंदाच्या फ्लॅश हीलला ४३ टक्के. आणि हा भाग रँक बदलली तरी तोच राहतो. वीसाव्या लेव्हलच्या आत शिकलेल्या रँकना मात्र कात्री लागते.

आता अंगावर ४०० प्लस हीलिंग आहे असं धरा. टॅलेंट बाजूला ठेवू.

ग्रेटर हील रँक ४ ला ६५५ मॅना लागतो. स्वतःची सरासरी १९०२, वर प्लस हीलिंगचे ३४३, एकूण २२४५. एका मॅनामागे ३.४. हील रँक २ ला २०५ मॅना. स्वतःची सरासरी ४६०, वर तेच ३४३, एकूण ८०३. एका मॅनामागे ३.९. फ्लॅश हील रँक ७ ला ३८० मॅना आणि एकूण १०५६ हील. एका मॅनामागे २.८.

अंगावर काहीच प्लस हीलिंग नसेल तर हाच क्रम उलटा होतो: ग्रेटर हील २.९ आणि हील रँक २ फक्त २.२. दोघी बरोबरीला येतात ते सुमारे २३० प्लस हीलिंगला. म्हणजे हिरव्या कपड्यांतल्या नव्या प्रीस्टला 'फक्त रँक २ वापर' हा सल्ला देणारा अनुभवी खेळाडू स्वतःच्या अंगावरचे आकडे विसरलेला असतो. तुमचं २३० व्हायच्या आधी खालच्या रँकचा फायदा एवढाच की ओव्हरहील (गरजेपेक्षा जास्त, वाया जाणारी हील) कमी होतं. तोही फायदाच आहे, पण वेगळ्या कारणासाठी.

माझ्या बटणांच्या बारवर चार जागा पक्क्या असतात: हील रँक २ रोजच्या वापराला, हील रँक ४ टँकला जरा जोरात लागलं की, ग्रेटर हीलची मोठी रँक ठरलेल्या मोठ्या फटक्यासाठी, आणि फ्लॅश हील जीव वाचवायला. फ्लॅश हील सवयीची होऊ देऊ नका. ती वेळ विकत घेते आणि किंमत मॅनात मोजते.

रिन्यू, म्हणजे थोडं थोडं करून आयुष्य भरणारी स्पेल, तिच्याबद्दल एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. या खेळात दोन प्रीस्टचे रिन्यू एकाच माणसावर एकत्र टिकत नाहीत. म्हणून रेड सुरू होण्याआधीच ठरवा, मुख्य टँकवर रिन्यू कोणाचा. वॉरियर टँकवर पॉवर वर्ड शील्ड टाकणंही टाळा. ढाल मार खाते तेवढ्या वेळात टँकला रेज (मार खाऊन वाढणारी वॉरियरची शक्ती) मिळत नाही, आणि रेज नसेल तर तो बॉसला धरून ठेवू शकत नाही. मरतच असेल तर अर्थात टाका.

पाच सेकंद

स्पिरिटचा मॅना शेवटच्या खर्चानंतर पाच सेकंदांनी वाहू लागतो, हे वर आलं. खर्च होतो स्पेल पूर्ण झाल्यावर, सुरू केल्यावर नाही. यातून हीलरची सगळ्यात उपयोगी सवय निघते. टँकवर हील सुरू करा, शेवटच्या पाव सेकंदापर्यंत थांबा, त्याला लागलं नसेल तर कास्ट तोडा आणि पुन्हा सुरू करा. मॅना गेला नाही, घड्याळ चालूच राहिलं, आणि फटका बसला असता तर हील तयार होती.

२०० स्पिरिट असलेल्या प्रीस्टला या पाच सेकंदांच्या बाहेरच्या काळात दर दोन सेकंदांना ६३ मॅना मिळतो. पंधरा सेकंद हात आवरला तर पहिली पाच सेकंदं फुकट, पुढच्या दहांत ३१५. म्हणजे हील रँक २ च्या दीड कास्ट मोकळ्या मिळाल्या.

एकट्याने हे जमत नाही, कारण तुम्ही थांबलात तर कोणीतरी चालू ठेवावं लागतं. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात भजन चोवीस तास अखंड चालतं ते एकाच गटाने गाऊन नव्हे. एक गट दम घेतो तेव्हा दुसरा गात असतो, आणि ऐकणाऱ्याला मधली फट कळत नाही. टँकवरच्या तीन हीलरनीही तसंच करावं. मॅना तीस टक्क्यांवर आला की व्हॉइसवर एक शब्द बोलायचा, 'थांबतोय', आणि दुसऱ्याने 'घेतो' म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय थांबायचं नाही.

आता पूर्ण ताळेबंद मांडू. तीन मिनिटांची लढाई, डिव्हाइन फ्युरी या टॅलेंटमुळे हील अडीच सेकंदांत, म्हणजे न थांबता ७२ कास्ट. रँक २ ला दर कास्टमागे २०५ मॅना, म्हणजे १४,७६० मॅना. जमेच्या बाजूला सुरुवातीचा ६,०००. दोन मेजर मॅना पोशनचे सरासरी ३,६००. दोन डार्क किंवा डेमॉनिक रूनचे सरासरी २,४००. दर पाच सेकंदांना ४० असेल तर १,४४०. बेरीज १३,४४०. तेराशे कमी पडले. इम्प्रूव्ह्ड हीलिंग या टॅलेंटने खर्च १५ टक्के उतरला तर वर नऊशेच्या आसपास उरतात. आणि हे सगळं स्वस्तातल्या स्वस्त स्पेलवर, दोन्ही पोशन वेळेवर घेतल्यावर. यात मधेच दहा फ्लॅश हील गेल्या तर काय होतं, ते स्वतः करून बघा.

पिशवीत काय हवं

मेजर मॅना पोशन १३५० ते २२५० मॅना देतं आणि दोन मिनिटांनी पुन्हा घेता येतं. पहिलं घ्यायचं ते मॅना संपल्यावर नाही, २२५० इतकी जागा रिकामी झाली की लगेच. उशिरा घेतलं की दुसऱ्याची वेळच येत नाही. रून ९०० ते १५०० मॅना देतो आणि बदल्यात ६०० ते १००० आयुष्य घेतो. त्याचं घड्याळ पोशनपेक्षा वेगळं आहे, म्हणून दोन्ही चालतात. रेडवर मोठा फटका येणार असेल त्या क्षणी मात्र रून खाऊ नका. मेजब्लड पोशन आणि ब्रिलियंट मॅना ऑइल प्रत्येकी दर पाच सेकंदांना १२ मॅना देतात, ऑइलवर २५ हीलिंगही. मोठ्या शेवटच्या बॉससाठी फ्लास्क ऑफ डिस्टिल्ड विज्डम, २००० मॅना; रोज परवडत नाही.

आणि नाइटफिन सूप. दर पाच सेकंदांना ८ मॅना, दहा मिनिटं. यासाठी नाइटफिन स्नॅपर मासा पकडावा लागतो, तो मूनग्लेडसारख्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत सर्व्हरच्या मध्यरात्रीनंतर जास्त गळाला लागतो. युरोपचा सर्व्हर असेल तर हिवाळ्यात ते आपले पहाटे साडेचार ते सकाळचे साडेदहा. चहा पिता पिता आठवड्याचा साठा होतो. जून-जुलैत ट्रॉलरबंदीमुळे बाजारात बांगडा परवडेनासा होतो तेव्हा निदान इथे तरी मासळी मिळते, एवढंच समाधान.

स्क्रीन

मधोमध रेड फ्रेम (सगळ्यांच्या आयुष्याच्या पट्ट्या), पात्राच्या पायाजवळ. डोळा सतत कोपऱ्यात गेला की जमिनीवरची आग दिसत नाही. माणसावर क्लिक करून मग बटण दाबण्याऐवजी माउस ज्याच्यावर आहे त्याच्यावर हील जाईल असा मॅक्रो किंवा अॅडऑन लावा. प्रत्येक हीलमागे एक क्लिक वाचतो. डिकर्सिव हे अॅडऑन शाप आणि जादू काढायला हवंच. दुसऱ्या हीलरच्या येणाऱ्या हील दाखवणारी सोयही चालू ठेवा, ओव्हरहील कमी होतं. टँकच्या लक्ष्याचं लक्ष्य, म्हणजे बॉस कोणाला मारतोय, ते दिसलंच पाहिजे.

माइक पुश-टू-टॉकवर. देवळात आरती सुरू झाली आणि तुमचा माइक उघडा राहिला तर चाळीस जण घंटा ऐकतात. गोड वाटतं, पण एकदाच.

वाटप आणि अॅग्रो

चाळीसांच्या रेडमध्ये साधारण आठ ते बारा हीलर असतात. तुमचं काम कोणतं हे बॉसच्या आधी विचारा आणि तेच करा. मुख्य टँक दिला असेल तर तुमच्या गटातला मेज मरत असला तरी नजर टँकवर. दुसऱ्याचं काम करणारा हीलर मीटरवर वर दिसतो. त्याचा स्वतःचा माणूस मेला की कारण कोणाला सापडत नाही.

हीलमुळेही अॅग्रो, म्हणजे शत्रूचा रोख तुमच्याकडे, येतो. प्रत्यक्ष भरून निघालेल्या आयुष्याच्या निम्मा, आणि तो सगळ्या शत्रूंमध्ये वाटला जातो. ओव्हरहीलचा येत नाही. म्हणून एका बॉसवर हीलरला भीती फार नसते, पण सहा-सात शत्रू एकदम अंगावर आलेत आणि टँकने दोघांनाच हात लावलाय, तेव्हा पहिली मोठी हील बाकीच्यांना तुमच्याकडे आणते. दोन-तीन सेकंद थांबा. आले तर टँककडे पळा, त्याच्यापासून लांब नाही. प्रीस्टने फेड (शत्रूचा रोख तात्पुरता कमी करणारी स्पेल) वापरावा.

मेलेल्याला लढाईत उठवणं फक्त ड्रुइडला जमतं, तेही अर्ध्या तासात एकदा. ते कोणासाठी राखायचं हे रेड लीडर सांगेल. ड्रुइडचा इनर्व्हेट (मॅना भरण्याचा वेग वाढवणारी स्पेल) मात्र मागून घ्या. स्पिरिट जास्त असलेल्या प्रीस्टवर तो गेला तर वीस सेकंदांत अर्धी टाकी भरते, आणि तो सहा मिनिटांनी परत येतो. शमनचा मॅना टाइड टोटेम कोणत्या गटात आहे तेही बघून ठेवा.

मोल्टन कोअर, हीलरच्या नजरेने

आधी ब्लॅकरॉक माउंटनमधल्या लोथॉस रिफ्टवेकरचं काम (क्वेस्ट) करून घ्या, नाहीतर दर वेळी ब्लॅकरॉक डेप्थ्समधून चालत जावं लागतं.

लुसिफ्रॉन हा पहिलाच बॉस हीलरची परीक्षा घेतो, कारण त्याच्यावर हील करण्यापेक्षा काढून टाकण्याचं काम जास्त. इम्पेंडिंग डूम ही जादू दहा सेकंदांनी २००० चा फटका देते. प्रीस्ट आणि पॅलाडिन यांनी ती काढायची. त्याचा शाप स्पेलचा खर्च दुप्पट करतो; तो मेज आणि ड्रुइड काढतात. आधी हीलरवरचा शाप काढा, मग बाकीचे. वरचा ताळेबंद आठवा आणि तो दुप्पट करून बघा.

मॅगमाडार भीती घालतो. ड्वार्फ प्रीस्टचा फिअर वॉर्ड टँकवर हवा, होर्ड या बाजूने खेळणाऱ्यांना शमनचा ट्रेमर टोटेम. भीतीच्या आधीच टँकवर रिन्यू असू द्या, कारण पुढची काही सेकंदं तुमचे पाय तुमचे नसतात.

गेहेनासचा शाप हील ७५ टक्क्यांनी कमी करतो. टँकवर तो असताना ग्रेटर हीलवर ग्रेटर हील ओतणारे हीलर मी नेहमी बघतो. थांबा, ओरडा, शाप काढायला लावा. तोवर एक-दोन फ्लॅश हील पुरे.

गारवर आठ फायरस्वॉर्न, म्हणजे टँक अनेक आणि हीलर विखुरलेले. तो अंगावरचे बफही (आधीच टाकलेल्या मदतीच्या स्पेल) उडवतो, ते लढाई संपल्यावर टाका. बॅरन गेडनचा 'इग्नाइट मॅना' तुमचा मॅना जाळतो. दर तीन सेकंदांना ४००. सगळ्यात आधी हीलर एकमेकांवरून काढोत. अंगावर लिव्हिंग बॉम्ब आला तर हातातली हील सोडा आणि रेडपासून लांब पळा. एक हील गेल्याने कोणी मरत नाही, तुम्ही गर्दीत फुटलात तर पाच जण मरतात.

शाझरापासून अंतर ठेवा, तो जवळच्यांचे स्पेल तोडतो. सल्फरॉन आणि गोलेमॅग हीलरला फार त्रास देत नाहीत. मेजरडोमोवर टँक अनेक, प्रत्येकाला एक ठरलेला हीलर. तो अॅग्रो असलेल्याला उचलून निखाऱ्यांत टाकतो, त्या क्षणी फ्लॅश हील तयार हवी. याच्याच पेटीतून प्रीस्टचा आय ऑफ डिव्हिनिटी निघतो. पुढचं काम लांबलचक आहे, पण शेवटी बेनेडिक्शन ही काठी हातात येते. पेटीतल्या कॉटराइजिंग बँड या अंगठीकडेही लक्ष ठेवा.

शेवटचा बॉस रॅगनारोस. मेजरडोमोच्याही आधी जमिनीवरचे रून विझवावे लागतात, त्याला लागणारं पाणी कोणाकडे आहे ते विचारून घ्या. नसेल तर अख्खी रात्र दारातच जाते. रॅगनारोसच्या लढाईत हीलरनी एकमेकांपासून लांब उभं राहायचं, कारण तो मॅनावाल्यांना नेम धरून फटका मारतो आणि शेजारचेही उडतात. तीन मिनिटांनी तो लाव्ह्यात बुडतो आणि आठ सन्स ऑफ फ्लेम येतात. ते जवळच्यांचा मॅना खातात, म्हणून मागे सरा. पहिली तीन मिनिटं हिशेबाने खेळलात तर इथे हातात काहीतरी उरतं. पहिल्यांदा जाणाऱ्या गिल्डने मॅना पोशन इथल्यासाठी राखू नये. पहिलं सुरुवातीलाच, म्हणजे दुसरं बरोबर सन्सच्या वेळी उपलब्ध. फायर प्रोटेक्शन पोशन लढाई सुरू होण्याआधी प्या, कारण ते आणि मॅना पोशन एकाच घड्याळावर चालतात.

दुसऱ्या दिवशी

गिल्डचा लॉग (लढाईची नोंद) उघडा, पण हीलिंगची यादी सोडून थेट मृत्यूंच्या यादीत जा. तुमच्याकडे दिलेला माणूस कधी मेला, त्या आधीच्या पाच सेकंदांत तुम्ही काय टाकत होता, आणि तेव्हा तुमचा मॅना किती होता. मॅना भरपूर आणि माणूस मेला, तर रँक लहान पडली किंवा नजर दुसरीकडे होती. मॅना शून्य आणि माणूस मेला, तर दोन मिनिटं मागे जा आणि ओव्हरहील बघा. बॉस मरताना मॅना चाळीस टक्के उरत असेल तर अंगावरची मॅनाची एखादी वस्तू काढून प्लस हीलिंगची घाला. गिअर बदलायचं खरं कारण इथेच सापडतं.

मोल्टन कोअर आठवड्याने पुन्हा उघडते. ओनिक्सिया मात्र पाच दिवसांनी, त्यामुळे तिचा वार दर वेळी सरकतो. कालनिर्णयावर पेन्सिलीने खूण करून ठेवा.